कबड्डी, खो-खो की नुसतं क्रिकेट? हायस्कूलच्या पोरांनी एकच खेळ कधी धरायचा

शहापूर / मुरबाड : पावसाचा जोर ओसरला, भाताची लावणी उरकली, की दोन्ही तालुक्यांतल्या हायस्कुलांत खेळाची धांदल सुरू होते. तालुका स्पर्धांचं वेळापत्रक शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडतं. कबड्डीचा संघ, खो-खोचा संघ, धावण्याची नावं, उड्यांची नावं. खेळाचे सर यादी काढायला बसतात आणि लहान शाळेत प्रत्येक यादीत तीच पाच-सहा नावं येतात. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्या असोत की डोळखांबकडचे पाडे, शाळा छोटी असली की चपळ पोरगा सगळ्याच संघांत लागतो.

दुसरीकडे कल्याण-बदलापूरच्या बाजूला उलटं चित्र आहे. खाजगी इंग्रजी शाळा आणि खेळाच्या अकॅडम्या पाचवी-सहावीतल्या मुलाच्या पालकाला विचारतात, “कोणत्या खेळात टाकायचंय?” एक खेळ, एक किट, वर्षभराची फी. बाकीचे खेळ बंद. हे लोण आता हळूहळू गावाकडेही येतंय. तालुक्याच्या गावी भाड्याने राहून मुलाला अकॅडमीत पाठवायचा विचार करणारे पालकही आता दिसतात.

मग पोराने काय करायचं? सगळं खेळायचं की एकच धरून बसायचं?

खेळाच्या डॉक्टरांचं आणि अभ्यासकांचं या बाबतीत बऱ्यापैकी एकमत आहे. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवी-नववीपर्यंत, दोन-तीन वेगवेगळे खेळ खेळू द्यावेत. त्यानंतर ज्यात गोडी आणि गती आहे तो एक पुढे न्यावा. काही खेळ याला अपवाद आहेत. आणि ‘सगळे खेळ’ याचा अर्थ ‘एकाच आठवड्यात सगळे सामने’ असा होत नाही. आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते.

एकच खेळ धरायची घाई कुठून येते

पालकांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यासमोर उदाहरणंच तशी आहेत. सचिन तेंडुलकर अकराव्या वर्षी शिवाजी पार्कला रमाकांत आचरेकर सरांकडे गेला, क्रिकेटसाठी शाळा बदलून शारदाश्रमला आला, १९८८ मध्ये विनोद कांबळीबरोबर हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागी केली आणि १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी भारताकडून खेळला. ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत आहे. त्याच मैदानांवर तेवढाच घाम गाळून कुठेच न पोचलेल्या हजारो पोरांची गोष्ट मात्र कुणाला माहीत नसते, कारण ती कुणी सांगत नाही.

दुसरं कारण पोटापाण्याचं. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पोलीस भरतीच्या तयारीत असलेलं एखादं तरी पोरगं प्रत्येक गावात सापडतं, आणि खेळाच्या प्रमाणपत्राची किंमत त्याला बरोबर कळते. पण यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे गुण आणि हे आरक्षण मूल किती लहानपणापासून एकच खेळ खेळतंय यावर मिळत नाही. ते कोणत्या स्तरापर्यंत पोचलं, स्पर्धा मान्यताप्राप्त होती का, आणि नोकरीच्या वेळी प्रमाणपत्र पडताळणीत टिकलं का, यावर मिळतं. गावच्या चषकात ‘मॅन ऑफ द सिरीज’ मिळवलेली ढाल घरात शोभून दिसते. नोकरीच्या अर्जाला ती जोडता येत नाही.

तिसरं कारण नवं आहे. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर आली. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. जे खेळ कालपर्यंत ‘मातीतले’ म्हणून बाजूला ठेवले जात, त्यांत आता पैसा आणि नाव दिसतंय. म्हणून मग कबड्डीतही ‘लहानपणापासून एकच’ असा आग्रह सुरू झालाय.

लहानपणी जिंकणारे आणि मोठेपणी जिंकणारे

जर्मनीतले अभ्यासक आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच प्रश्नावर एक मोठा आढावा छापला. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांमधून त्यांनी सहा हजारांहून जास्त खेळाडूंची माहिती एकत्र केली. त्यांत जगातले अगदी वरच्या दर्जाचे ७७२ खेळाडू होते. सापडलं ते असं : जे मोठेपणी जागतिक पातळीवर पोचले, त्यांनी लहानपणी एकापेक्षा जास्त खेळ केले होते, आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगतीही हळू होती. जे शालेय आणि कुमार गटात चमकले, त्यांचं नेमकं उलटं होतं. लवकर सुरुवात, एकच खेळ, झटपट प्रगती.

म्हणजे चौदा वर्षांखालच्या गटात ढाल आणायची असेल तर पोराला एकाच खेळाला जुंपणं फायद्याचं ठरतं. शाळेचं नाव पेपरात येतं, संस्थेच्या अध्यक्षांबरोबर फोटो निघतो. त्याच मुलाने पंचविसाव्या वर्षीही मैदानावर असावं असं वाटत असेल तर तीच घाई आड येते. शाळेला हवी असते ढाल आणि घराला हवं असतं पोराचं पुढचं आयुष्य. दर वेळी या दोन गोष्टी एकाच वाटेने येत नाहीत.

असं का होतं? एक साधं कारण वाढीचं आहे. तेराव्या वर्षी एका मुलाला मिसरूड फुटलेलं असतं आणि त्याच वर्गातला दुसरा अजून चिमुकला असतो. पहिला चढाईत सगळ्यांना ओढून नेतो, संघात कायम होतो. दुसऱ्याला ‘तुझं काम नाही’ म्हणून बसवलं जातं. सतराव्या वर्षी दुसरा डोक्याने वर गेलेला असतो, पण तोवर तो खेळातून बाहेर पडलेला असतो. लवकर निवड केली की जो लवकर वाढला तो निवडला जातो. त्याला खेळाची जाण किती, हे तेव्हा कळतच नाही.

दुसरं कारण शरीराच्या शिकण्याचं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला उलटं फिरता येत नाही, खांबाला वळसा घालूनच दिशा बदलता येते. त्यामुळे अंग झुकवून वळणं, झटकन उठणं, समोरच्याच्या खांद्यावरून त्याचा डाव ओळखणं हे सगळं येतं. कबड्डीत दम टिकवणं, पकडीतून सुटणं, पडताना अंग सांभाळणं येतं. मल्लखांबाने खांदे आणि मुठी तयार होतात. धावण्याने छाती. हे सगळं एकमेकांना पुरवणी आहे. एकच खेळ खेळणाऱ्याचं अंग एकाच वळणाचं होतं.

मोहीची ललिता, मांडव्याचा अविनाश

यासाठी लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी गाव. तिथली ललिता बाबर शाळेत आधी खो-खो खेळायची. मग ती लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळली, मॅरेथॉन पळाली आणि त्यानंतर कुठे ३००० मीटर स्टीपलचेसकडे आली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०१५ मध्ये ती आशियाई विजेती झाली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावणारी ती पहिली भारतीय महिला. तिला कुणी सातवीतच ‘तू खो-खोचीच’ म्हणून बांधून ठेवलं असतं तर?

अविनाश साबळेची गोष्ट याहून उशिराची आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. लहानपणी शाळेला रोज काही किलोमीटर पायी जायचं, कधी पळत. पण तो कुठल्या अकॅडमीत नव्हता. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. स्पर्धेच्या धावण्याकडे तो वळला २०१५ मध्ये, सैन्यातल्या क्रॉस कंट्रीतून, आणि स्टीपलचेस त्यानंतर आलं. तोवर विशी उलटली होती. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने दोन केनियन धावपटूंच्या मध्ये रौप्यपदक घेतलं, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली.

कविता राऊतचं उदाहरण जरा वेगळं आहे, आणि ते आपल्या डोंगरपट्ट्याला जास्त जवळचं. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडचा सावरपाडा हे तिचं गाव. शाळेत असतानाच ती धावण्याकडे आली आणि तिथेच राहिली, कारण धावायला बूट नसले तरी चालत होतं. खेळ निवडायचा तर साहित्याचा खर्च आधी बघायचा, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांना कळेल. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, हे तिचं यश. एकच खेळ धरून तीही मोठी झाली. फरक एवढाच की डोंगर-पाण्याच्या रोजच्या कामाने तिचं अंग आधीच घडलेलं होतं.

आणि स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, चौदाव्या वर्षाच्या आसपास. पहिलं वर्ष शरीर घडवण्यात गेलं आणि मग खेळ निवडायची वेळ आली तेव्हा त्याने नेमबाजी निवडली. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक. मध्ये पंधरा वर्षं गेली, आणि या काळात त्याने रेल्वेत नोकरीही केली.

प्रबोधिनीच्या निवड चाचणीकडेच बघा ना. तिथे मुलाला ‘कबड्डी येते का, क्रिकेट येतं का’ असं विचारत नाहीत. उंची, वजन, कमरेत वाकण्याची लवचिकता, उभ्याने लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ३० मीटर धाव, शटल रन, ८०० मीटर, असल्या गोष्टी मोजतात. राज्य सरकारची स्वतःची निवडही आधी अंग बघते, खेळ नंतर. वाडीवर वाढलेल्या, झाडावर चढणाऱ्या, ओढे ओलांडणाऱ्या पोराला यातल्या अर्ध्या गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

हाडं अजून पिकायची आहेत

आता दुखण्याचं बघू, कारण खरं नुकसान तिथे होतं.

वाढत्या वयात हाड टोकाकडून वाढतं. त्या टोकाला कूर्चेचा मऊ पट्टा असतो. पूर्ण वाढ झाली की तोही हाडासारखा पक्का होतो. तोवर तो कच्चा. एकाच प्रकारची ओढ, एकाच प्रकारचा दणका रोज त्याच जागी बसला तर तो सुजतो, दुखतो. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला उंचवटा येऊन दुखणं, टाच दुखणं, जोरात गोलंदाजी करणाऱ्या मुलांची कंबर धरणं, यामागे बहुतेक वेळा हेच असतं. अशा दुखण्याला ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ म्हणून सोडून देतात आणि वर तेल चोळून परत मैदानात पाठवतात. जोरात गोलंदाजी टाकणाऱ्या पोराची कंबर तीन आठवडे दुखत असेल तर मणक्याच्या हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे तेल काही करत नाही, डॉक्टरच गाठावा लागतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हायस्कुलांत दीड हजारांवर खेळाडू मुलामुलींचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच खेळाला पूर्ण वाहून घेतलेल्या मुलांत पायाच्या दुखापती इतरांपेक्षा सुमारे ८५ टक्के जास्त आढळल्या. शिकागोकडच्या डॉक्टरांच्या २०१५ च्या अभ्यासात आणखी एक उपयोगी गोष्ट निघाली. मूल जितक्या वर्षांचं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला सराव झाला की अतिवापराच्या गंभीर दुखापती वाढतात. हे माप कुणालाही घरी वापरता येतं. बारा वर्षांचा मुलगा असेल तर आठवड्याला बारा तास, चौदाचा असेल तर चौदा. यात शाळेचा सराव, अकॅडमीचा सराव आणि सामने, सगळं मोजायचं. संध्याकाळी अंगणात मनाने खेळलेलं यात धरायचं नाही. उलट त्या अभ्यासात शिस्तीचा सराव मोकळ्या खेळाच्या दुपटीपेक्षा जास्त झाला, तेव्हाच त्रास वाढलेला दिसला.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६ चा सल्लाही याच दिशेचा आहे. एकाच खेळावर येणं शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवा, आठवड्याला एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी का होईना, त्या खेळापासून लांब ठेवा. त्या सुट्टीत मूल दुसरं काहीही खेळू शकतं.

अमेरिकेचा सल्ला आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण हाडाला देश नसतो. शिवाय आपल्याकडे ही सुट्टी निसर्गच देतो. जून-जुलैत मैदानावर गुडघाभर चिखल, आश्विनात कापणी. फक्त ती सुट्टी खरी असावी. दिवसभर वाकून आवण लावलेल्या पोराला संध्याकाळी कबड्डीच्या सरावाला उभं करणं म्हणजे विश्रांती नव्हे.

सगळ्या संघात एकच पोर

शहरातल्या पालकाला ‘एकच खेळ नको’ हे सांगावं लागतं. आपल्या लहान शाळांतली अडचण वेगळी आहे. नववी-दहावी मिळून मुलं थोडी, त्यात खेळणारी आणखी थोडी. ग्रामीण भागातली बहुतेक हायस्कुलं खाजगी संस्थांची, अनुदानावर चालणारी. काही ठिकाणी खेळाचे सर आहेत, काही ठिकाणी चित्रकलेचे किंवा गणिताचे सरच शिट्टी गळ्यात घालून उभे राहतात. शिक्षण हक्क कायद्यात मैदान आणि सहावी ते आठवीसाठी शंभरावर पट असेल तिथे शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक सांगितलेला आहे. कागदावर.

मग होतं काय, तर सोमवारी कबड्डी, बुधवारी खो-खो, शुक्रवारी मैदानी स्पर्धा, आणि तिन्हीत तोच पोरगा. वरून आश्रमशाळेचा असेल तर आदिवासी विकास प्रकल्पाच्या वेगळ्या क्रीडा स्पर्धा आहेत, प्रकल्प, विभाग, राज्य अशा पायऱ्यांच्या. सर म्हणतात, “ह्याच्याशिवाय टीम उभी राहत नाही.” खरंच राहत नाही. पण याला वेगवेगळे खेळ खेळणं म्हणत नाहीत. हे एकाच बैलाला चार शेतांत जुंपणं झालं. संशोधनात ज्याचा फायदा दिसतो ते म्हणजे वर्षाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे खेळ, मध्ये विश्रांती घेऊन.

शाळेला यातून वाट काढता येते, आणि त्याला पैसा लागत नाही. जूनमध्येच ठरवायचं की या पोराची या वर्षी स्पर्धा कोणत्या दोन. बाकीच्यांत तो सराव करेल, मजा घेईल, पण सामन्याला दुसरा उभा राहील. त्याने एखादा सामना हरेल. पण बाकावर बसणाऱ्या चार पोरांना पहिल्यांदा मैदान मिळेल, आणि कुणी सांगावं, त्यातच एखादा उशिरा वाढणारा असेल.

कबड्डीबाबत आणखी एक. शालेय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. त्या मर्यादेत बसायला पोरं दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणी पीत नाहीत, ऊन्हात पळून घाम काढतात. वाढत्या वयात हे धोक्याचं आहे. पोरगा मर्यादेबाहेर गेला असेल तर तो वाढलाय, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याला त्या वर्षी उड्यांत किंवा गोळाफेकीत उभा करा.

मुलींचं थोडं वेगळं

मुलींच्या बाबतीत खेळ सुटतो तो बहुतेक वेळा दुखापतीने नाही, परिस्थितीने. दहावी झाली, कॉलेज लांब, एसटीची वेळ जुळत नाही, घरात लग्नाचा विषय. संघाचा खेळ एकटीने चालू ठेवता येत नाही. खो-खोला मैदानावर नऊ जणी लागतात. म्हणून ज्या मुलीने शाळेत खो-खोबरोबर धावणं किंवा फेकीचा एखादा प्रकारही केलाय, तिच्या हातात पुढे काहीतरी उरतं. पोलीस भरतीला धावणं आणि गोळाफेक आहेच. ललिता बाबर धावण्याच्या जोरावर पुढे उपजिल्हाधिकारी झाली, हे इथल्या आईबापांना सांगण्यासारखं आहे.

सराव वाढला आणि मुलीची पाळी तीन-चार महिने आलीच नाही, तर ‘बरंय, कटकट नाही’ म्हणून गप्प बसू नये. सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय, याची ती खूण असू शकते, आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. आशाताईंना विचारावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं.

लवकर सुरू करावे लागणारे खेळ

काही खेळांत थांबून चालत नाही, हेही खरं. जिम्नॅस्टिक्समध्ये लहान, लवचिक अंगातच कौशल्य येतं. मल्लखांबालाही लवकर सुरुवात केलेली बरी. पोहण्याच्या स्पर्धेतही तसंच. बुद्धिबळात नागपूरची दिव्या देशमुख लहानपणापासून पटावर आहे, आणि २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तिने महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला. पण पटावर बसल्याने गुडघ्याची कूर्चा झिजत नाही. त्यामुळे ‘दिव्याने केलं मग आमच्या बंड्याने सहावीत रोज सहा तास बॉलिंग का नको’ हा हिशेब जुळत नाही.

कबड्डी, खो-खो, क्रिकेट, व्हॉलीबॉल, फुटबॉल, धावणं, फेक, नेमबाजी. आपल्या भागात मिळणाऱ्या यांतल्या एकाही खेळाला बाराव्या वर्षी बाकीचं सगळं सोडायची गरज नाही.

आपल्याकडे आधीच काय आहे

शहरातल्या शाळा आता ‘मल्टी-स्पोर्ट प्रोग्रॅम’ नावाने फी घेऊन मुलांना चढणं, उड्या, तोल सांभाळणं, पकडापकडी शिकवतात. इथे सूरपारंबी, लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या हे फुकट होतं. उन्हाळ्यात नदीच्या डोहात पोहणं (मोठं माणूस सोबत असेल तरच), भात कापल्यावर खाचरात बनवलेली पीच, पावसाळ्यात रानात चढउतार. माहुली नाहीतर सिद्धगडाची वाट चढून आलेल्या पोराच्या मांड्यांना जिमची गरज नसते. एवढं अंग तयार असलेली पोरं एका खेळाच्या पट्ट्यावर चढवून त्यांचं बाकीचं बालपण बंद करायचं, याला शहाणपण म्हणता येत नाही.

उणीव आहे ती दुसऱ्या गोष्टींची. पायात धड बूट नाहीत, मैदानावर दगड, उन्हाळ्यात प्यायलाही टँकरचं पाणी. तानसा, वैतरणा, भातसा यांच्या तालुक्यात सरावानंतर घागरभर पाणी मिळू नये हे तर वेगळंच दुखणं. अकॅडमीच्या वर्षभराच्या फीत शाळेतल्या दहा पोरांचे बूट येतात, हा हिशेब एखाद्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपने करायला हरकत नाही.

निवडायची वेळ आल्यावर

नववी-दहावीत पोर स्वतःच एका खेळाकडे ओढलं जातं. सराव नसतानाही तेच करतं, त्याचेच व्हिडिओ बघतं, हरलं तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर असतं. तेव्हा एक खेळ पुढे न्यायला हरकत नाही. मग प्रश्न येतो प्रशिक्षक कुठे आहे आणि तिथे पोचायचं कसं याचा. शहापूर, आसनगाव, वासिंदवाल्याला लोकल आहे. मुरबाडकराला आधी एसटी किंवा जीपने कल्याण गाठावं लागतं. रोजचे तीन-चार तास प्रवासात गेले तर झोप आणि अभ्यास दोन्ही जातात. चांगल्या प्रशिक्षकाकडे आठवड्याला दोन दिवस आणि बाकी दिवस गावात सराव, हे रोजच्या ओढाताणीपेक्षा पुष्कळदा जास्त चालतं. निवासी सोयीसाठी क्रीडा प्रबोधिनी आणि एकलव्य निवासी शाळा यांची चौकशी आधी करावी. तिथे फीचा बोजा नसतो.

अकॅडमीत पैसे भरण्याआधी तिथल्या सरांना काही गोष्टी सरळ विचाराव्यात. आठवड्याला सुट्टी किती? माझ्या पोराने शाळेकडून दुसरा खेळ खेळला तर चालेल का? दुखलं तर कुणाला दाखवता? तुमच्याकडची किती मुलं तीन वर्षांनंतरही खेळतायत? स्पर्धा कोणत्या संघटनेच्या, आणि तिचं प्रमाणपत्र पडताळणीत चालतं का? ‘दुसरा खेळ बंद’ असं बारा वर्षांच्या मुलाबद्दल सांगणाऱ्या सरांना ‘का?’ हेही विचारावं. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने चिडत नाही.

सवलतीच्या गुणांचे आणि प्रबोधिनी प्रवेशाचे नियम, वयाची अट आणि चाचणीच्या तारखा वेळोवेळी बदलतात. वर्ष सुरू होतानाच शाळेत, तालुका क्रीडा समन्वयकांकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावं आणि त्याचा फोटो मोबाईलमध्येही काढून ठेवावा. पावसात गळक्या घरातली कागदपत्रं आधी भिजतात.